घाट चढणारी गाडी



आज एक साधा प्रश्न विचारते. आजवर तुम्ही रेल्वेत कशाकशासाठी बसलात? लग्नाला, दहाव्या-तेराव्याला, लेकीच्या बाळंतपणाला, मोठ्या दवाखान्यात कुणाला दाखवायला, फार तर पंढरपूरला. आणि नुसतं खिडकीतून बाहेर बघायचं म्हणून किती जणी बसलात? मला वाटतं, बऱ्याच जणी आत्ता हसल्या असतील. ‘नुसतं बघायला’ घराबाहेर पडणं आपल्या हिशोबात बसतच नाही. बघण्यासारखं काही वाटेत आलं तरी मांडीवर मूल असतं, पायाशी पिशव्या असतात आणि डोक्यात घरचं दूध तापवलं असेल का, याचा घोर असतो.

म्हणून आज मी एका रेल्वेच्या वाटेबद्दल बोलणार आहे. ही वाट आहे कर्जत ते लोणावळा, म्हणजे आपला बोरघाट. अंतर फक्त २८ किलोमीटर, वेळ पाऊण ते एक तास. गटानं मिळून हा प्रवास एकदा तरी करावा, असं मी तुम्हाला सांगणार आहे. का करावा, ते नीट ऐका. कारण नुसतं ‘छान दिसतं’ एवढंच नाही.

आधी जागा समजून घेऊ. खाली कोकण, वर देश, आणि मधे सह्याद्रीची उभी भिंत. भारतात पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावली. पुढे रूळ सरकत सरकत घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत आले. तिकडे वर खंडाळा ते पुणे हा मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. खाली गाडी, वर गाडी, मधे डोंगर! मग मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस काय करायचा? खाली गाडीतून उतरायचा, पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढायचा आणि वर पुन्हा गाडी धरायचा. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो पायी. अशी पाच वर्षं गेली. १८६३ मध्ये घाटातला मार्ग पुरा झाला आणि मुंबईची गाडी थेट पुण्याला गेली.

या चढाला एवढं अवघड काय होतं? साधारण २५ किलोमीटरच्या वाटेत गाडीला १८०० फुटांहून जास्त वर न्यायचं होतं. काही ठिकाणी चढ असा आहे की ३७ पावलं पुढे गेलं की एक पाऊल वर. तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? आम्ही सरपणाचा भारा घेऊन याच्या दसपट चढ चढतो! खरं आहे. बैलालाही हा चढ जाणवणार नाही. पण बैलाचा खूर मातीत रुततो, आपला पाय दगडाला धरतो. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं. म्हणून रेल्वेला चढ अगदी हळूहळू द्यावा लागतो. डोंगराला वळसे घालायचे, पुढे आलेली सोंड फोडून बोगदा काढायचा, दरी आली की कमानीचा पूल बांधायचा. पहिल्या मार्गावर असे २५ बोगदे आणि ८ मोठे पूल होते. आता तीन मार्ग आहेत आणि तिन्ही मिळून बोगदे पन्नासच्या आसपास आहेत.

खंडाळ्याजवळ तर आणखी एक गंमत होती. डोंगर इतका अडचणीचा की वळण घ्यायला जागाच नाही. मग गाडी पुढे एका टोकाला जाऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लावायचं, आणि गाडी उलट्या दिशेनं पुढचा चढ चढायची. आपण अरुंद बोळात बैलगाडी वळवता येत नाही म्हणून बैल सोडून मागच्या बाजूला जुंपावेत, तसंच. ही उलटी फिरण्याची जागा १९२९ पर्यंत वापरात होती. नंतर नवे बोगदे काढून वाट सरळ केली.

आता मुख्य गोष्टीकडे येते. हे बोगदे फोडले कुणी?

पुस्तकात नावं येतात ती साहेबांची. जेम्स बर्कले नावाचे मुख्य इंजिनियर होते, त्यांनी घाटाची पाहणी केली, आराखडा केला. त्यांचं श्रेय त्यांना आहेच. पण सुरुंगाची भोकं पाडणारे हात वेगळे होते. कड्यावर उभं राहायला जागा नसली की माणसं दोर बांधून वरून खाली सोडत. दोरावर लोंबकळत त्यांनी पहारीनं दगडाला भोक पाडायचं, त्यात दारू ठासायची, आणि वात पेटवायच्या आत वर ओढून घ्यायचं. काम ऐन भरात होतं तेव्हा, १८६१ च्या जानेवारीत, या एका घाटात ४२ हजारांहून जास्त मजूर होते. विचार करा, आजही आपल्याकडच्या कितीतरी तालुक्याच्या गावांची वस्ती एवढी नाही.

ही माणसं कुटुंबासकट आली होती. नवरा दगड फोडायचा, बायको फुटलेला दगड आणि माती पाटीत भरून डोक्यावरून वाहायची, पोरं जमेल ते करायची. पाणी भरणं, सांज-सकाळची भाकरी थापणं, पोरं सांभाळणं हे काम मोजलं जायचं नाही, आजही कुठे मोजलं जातं? आणि जे मोजलं जायचं, त्याची बाईची मजुरी गड्यापेक्षा कमी. रोजगार हमीच्या कामावर गेलेल्या किंवा ऊसतोडीला गेलेल्या बाईला हे चित्र नवीन नाही. पाल तेच, तीन दगडांची चूल तीच.

मजुरी हातात पडायची ती मुकादमाकडून. वरून पैसे निघायचे, मधे अडायचे. १८५९ च्या सुरुवातीला थकलेल्या मजुरीवरून घाटातले मजूर भडकले, मारामारी झाली, सरकारी चौकशी बसली. त्या वर्षी आधीच्या कंत्राटदाराचं काम संपलं. त्याच सुमारास पटकीची साथ आली. डोंगरावर हजारो माणसं दाटीवाटीनं राहिलेली, पिण्याचं पाणी घाण, औषध जवळजवळ नाहीच. हा घाट बांधताना हजारो माणसं मेली. कुणी साथीनं, कुणी सुरुंगानं, कुणी दरड कोसळून. त्यांची नावं कुठल्या पाटीवर लिहिलेली नाहीत.

घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर. लोक सांगतात की शिंग्रोबा धनगर होता, मेंढरं घेऊन डोंगरात फिरायचा. डोंगरातून वाट कुठून काढावी हे साहेबाला सापडेना, ते त्यानं दाखवलं, आणि त्या बदल्यात त्याला गोळी मिळाली. ही लोकांच्या तोंडची गोष्ट आहे, कागदावरची नव्हे. पण ती इतकी वर्षं का टिकली असेल? वाट दाखवणारा एक आणि नाव दुसऱ्याचं, हे लोकांनी पाहिलेलं होतं म्हणून टिकली. आजही गाडीवाले तिथे थांबून नाणं टाकतात.

आता याच कामातली एक बाई बघा. नवीन कंत्राट मिळालं सॉलोमन ट्रेडवेल या इंग्रज गृहस्थांना. १८५९ मध्ये ते बायकोला घेऊन इथे आले आणि काही आठवड्यांतच आजारानं वारले. त्यांची बायको ॲलिस. परका देश, नवरा गेलेला, डोंगर अर्धा फोडलेला. तिनं बोट धरून परत जायचं, असंच कुणीही म्हटलं असतं. तिनं कंत्राट स्वतःच्या अंगावर घेतलं. कामाचे जाणकार दोन इंजिनियर देखरेखीला ठेवले, आणि घाट पुरा करून दिला. त्या काळात इंग्लंडातही बायका असली कामं करत नव्हत्या. 

मी ॲलिसबाईची आरती करत नाही. ती कंत्राटदार होती, मजुराच्या पालात राहत नव्हती. पण एवढं लक्षात ठेवण्यासारखं आहे की बोरघाटाच्या कंत्राटावर शेवटी एका बाईचं नाव होतं, आणि घाटातली माती ज्यांच्या डोक्यावरून गेली त्यांतही बायाच होत्या. एकीचं नाव राहिलं, बाकीच्यांचं काम राहिलं.

आणखी एक नाव सांगते, ते आपल्यातलं आहे. सुरेखा यादव. सातारा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरातली मुलगी. कऱ्हाडला विजेच्या कामाची पदविका घेतली आणि रेल्वेत सहायक चालक म्हणून लागल्या. आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. आधी मालगाड्या, मग लोकल, मग घाटातल्या गाड्या. घाटात गाडी चालवायचं प्रशिक्षण वेगळं असतं, कारण चढापेक्षा उतार वाईट. ८ मार्च २०११ ला, महिला दिनाला, त्यांनी पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीन नेली, याच घाटातून. दीडशे वर्षांपूर्वी जिथे बाया डोक्यावर पाटी घेऊन उभ्या होत्या, तिथून एक शेतकऱ्याची लेक इंजिनात बसून गेली. २०२३ मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारतही नेली.

आता तुम्ही प्रवासाला निघालात असं समजू. काय बघाल?

कर्जतला बहुतेक गाड्या जरा जास्त थांबतात. त्याचं कारण खायला वेळ मिळावा हे नसतं, जरी वडापाव तिथे गरम मिळतो! गाडीच्या मागे जादा इंजिनं जोडतात. त्यांना बँकर म्हणतात. पुढचं इंजिन ओढतं, मागची ढकलतात. जोडताना बारीकसा धक्का बसतो, तो कळला तर समजा, आता चढ लागणार. काही नव्या गाड्यांना आता दोन्ही टोकांना इंजिनं असतात, त्या न थांबता जातात. वर लोणावळ्याला बँकर सोडतात.

कर्जत सोडलं की पळसदरी. तिथून पुढे गाडीचा आवाज बदलतो. जांबरुंग, ठाकूरवाडी, मंकी हिल अशी छोटी ठिकाणं लागतात. फलाटावर गर्दी नाही, रिक्षा नाहीत, एखादी केबिन, सिग्नल आणि चारी बाजूंनी डोंगर. ठाकूरवाडी या नावातच तिथली माणसं आहेत. या डोंगरात ठाकर आणि कातकरी वाड्या पूर्वीपासून आहेत, रूळ नंतर आले. उन्हाळ्यात कर्जत-लोणावळा भागात पानांच्या द्रोणात करवंदं आणि जांभळं घेऊन बसणाऱ्या बाया याच वाड्यांवरच्या. त्यांच्याकडून घ्याल तेव्हा घासाघीस करू नका. त्या पहाटे काट्यांत शिरून ती वेचून आणतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

मग बोगदे सुरू होतात. अंधार, लख्ख उजेड, पुन्हा अंधार. प्रत्येक उजेडात दरी वेगळी दिसते. हवा स्वच्छ असेल तर राजमाचीची श्रीवर्धन आणि मनरंजन ही दोन शिखरं दिसतात, आणि खंडाळा जवळ आला की नागफणीचा कडा, खरोखर फणा काढल्यासारखा. बोगद्यातून जाताना जुन्या बोगद्याच्या भिंतीकडे बघा. दगड घडवून बसवलेला नाही, फोडलेला आहे. हातानं.

येताना उतारावर एक गोष्ट लक्षात येईल. रिकाम्या जागी गाडी मधेच थांबते. लोक कुरकुरतात. ती थांबते म्हणून आपण सुखरूप खाली येतो. उतारावर ठरावीक ठिकाणी बाजूला एक जादा रूळ डोंगराच्या चढावर नेलेला असतो. गाडी तिथे थांबली, ब्रेक नीट लागतात हे कळलं, तरच पुढची वाट उघडते. ब्रेक लागले नाहीत आणि गाडी सुसाट आली, तर ती त्या बाजूच्या चढावर जाते आणि वेग मरतो. पावसाळ्याआधी रेल्वेची माणसं कड्यावर चढून सुटे झालेले दगड मुद्दाम खाली पाडतात, आणि पावसात रात्री-बेरात्री कंदील-बॅटरी घेऊन रुळावरून चालत गस्त घालतात. घाट एकदा बांधला आणि झालं, असं कधीच नसतं. तो रोज सांभाळावा लागतो. घरासारखाच.

आता व्यवहाराचं बोलू.

मुंबईकडून कर्जतपर्यंत लोकल आहे. पुण्याकडून लोणावळ्यापर्यंत लोकल आहे. मधल्या घाटात लोकल नाही, तिथे एक्स्प्रेसच धरावी लागते, आणि लोकलचं तिकीट तिला चालत नाही. म्हणून तिकीट काढतानाच खिडकीवर गाडीचं नाव सांगा आणि ती कर्जतला किंवा लोणावळ्याला थांबते ना, हे विचारून घ्या. एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, रेल्वेत तसं नाही. पण साध्या डब्याचं तिकीट मुळातच खिशाला परवडणारं असतं. बऱ्याच गाड्यांना महिलांचा डबा असतो, तो कुठे लागतो ते आधी विचारा. शनिवार-रविवार टाळा. चौकशीला आणि अडचणीला रेल्वेचा १३९ हा नंबर सगळ्या जणींच्या फोनमध्ये असू द्या.

दिवस कोणता निवडावा? भर पावसात दरडींमुळे गाड्या रद्द होतात. श्रावण सरला, भांगलण उरकली आणि कापणीला अजून अवकाश आहे, अशा वेळी जा. डोंगर हिरवा असतो, झरे अजून वाहत असतात. खिडकीची जागा आळीपाळीनं घ्या आणि दोन्ही बाजूंना बसा, कारण एका खिडकीतून सगळा घाट दिसत नाही. दारात उभं राहू नका, फोटोसाठी हात बाहेर काढू नका, आणि रुळावरून चालत जाण्याचा मोह तर अजिबात नको. बोगद्यात समोरून गाडी आली तर बाजूला व्हायला जागा मिळेलच असं नाही.

ज्यांना बोरघाट लांब पडतो त्यांनी आपल्या जवळचा घाट बघावा. नाशिककडच्या मैत्रिणींना कसारा ते इगतपुरी आहे, तो १८६५ मध्ये सुरू झाला आणि चढही बोरघाटाइतकाच. कोकणातल्या मैत्रिणींना कोकण रेल्वे आहे, २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर चालू झालेली. रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा तिचा पूल ६४ मीटर उंच आहे आणि करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब. कर्जतच्या अलीकडे नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी आहे, १९०७ ची. तिच्या दोन रुळांत अंतर फक्त दोन फूट. पावसाळ्यात मात्र नेरळकडचा मार्ग बंद ठेवतात.

गटांसाठी आणखी एक गोष्ट. स्टेशनवर आपण फक्त प्रवासी म्हणूनच जावं असं नाही. २०२२ पासून रेल्वेची ‘एक स्टेशन एक उत्पादन’ अशी योजना आहे. तिच्यात स्थानिक कारागिरांना आणि बचत गटांना थोड्या शुल्कात ठरावीक दिवसांसाठी फलाटावर विक्रीची जागा मिळते. पापड, लोणची, मसाले, बांबूच्या वस्तू, आपल्या भागाचं जे खास असेल ते. आपल्या जवळच्या स्टेशनवर जाऊन स्टेशन मास्तरांना विचारा, अर्ज कसा करायचा ते समजून घ्या. दोघी जणी जा, गटाचा ठराव आणि नोंदणीचे कागद सोबत न्या.

घरी विचारलं जाईल, ‘तिकडे काय आहे बघायला?’ किंवा ‘एवढे पैसे कशाला घालवायचे?’ तेव्हा गप्प बसू नका, आणि देवदर्शनाचं निमित्तही शोधू नका. सरळ सांगा की घाट बघायला चाललो आहोत. हा घाट आपल्यासारख्याच बायांनी डोक्यावर माती वाहून तयार केला आहे. त्यांना त्या डोंगराकडे मान वर करून बघायला सवड मिळाली नसेल, कारण डोक्यावर पाटी होती. आपल्या डोक्यावर त्या दिवशी तरी काही नसेल.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. महिन्याला प्रत्येकी थोडे थोडे बाजूला टाकले तर सहा महिन्यांत तिकिटाचे आणि चहापाण्याचे पैसे जमतात. भाकरी घरून बांधून न्या. आणि गटात जी कधीच कुठे गेली नाही, जिला घरातून सोडत नाहीत, तिचं नाव यादीत सगळ्यात वर लिहा. तिच्या घरी दोघी-तिघी मिळून जा आणि तिच्यासाठी बोला. तिला खिडकी द्या.